नंबर बरोबर, तरी ‘४०४’: इंटरनेट कॉलिंगमध्ये नंबर आणि यूजरनेम यांची गल्लत

तक्रार साधारण अशी येते. ऑफिसातल्या ऑफिसात १०१ वरून १०२ ला फोन लागतो. बाहेरचे फोन येतात, हाताने नंबर दाबला तर बाहेर जातातही. पण मिस्ड कॉलवर बोट ठेवून परत फोन लावला की ‘४०४ नॉट फाउंड’. मग पासवर्ड बदलून बघतात, राउटर बंद-चालू होतो, प्रोव्हायडरला दोन शब्द ऐकवले जातात. एक-दोन दिवस बरं चालतं, कारण तेवढ्यात कुणी मिस्ड कॉलवरून फोन लावलेलाच नसतो. आणि मग पुन्हा तेच.

यात नेटवर्कचा दोष क्वचितच असतो. सर्व्हरसमोर जे आलं तो फोन नंबर आहे की कुणाचं यूजरनेम, हा निवाडा चुकतो. तो निवाडा नेमका कोण करतंय हे शोधलं की काम निम्मं होतं.

खाली ॲस्टेरिस्क (ऑफिसातला फोन एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, चालवणारं सॉफ्टवेअर) गृहीत धरून लिहिलंय, पण दुखणं कुठल्याही एसआयपी (इंटरनेटवर कॉल जोडायचा प्रोटोकॉल) यंत्रणेत हेच असतं. कॉन्फिगच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्यात. फाइलमध्ये टाकताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. (आकड्यांचा मुद्दा पुढे वेगळा येतोच.)

पत्त्यात फरक दिसतच नाही

एसआयपीचा पत्ता ईमेलसारखा असतो. ‘सिप:सुनीता@पीबीएक्स.लोकल’. ॲटच्या आधी कोण, नंतर कुठे. फोन नंबरही त्याच जागी बसतो: ‘सिप:+९१२०२५५५●●●●@पीबीएक्स.लोकल’. आणि ‘सिप:१०२@पीबीएक्स.लोकल’? हे १०२ नावाचं खातं आहे, आतलं एक्स्टेन्शन आहे, की बाहेरचा १०२ नंबर? नुसत्या पत्त्यावरून सांगता येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही ‘यूजर’च.

प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना ही अडचण माहीत होती. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ या एसआयपीच्या नियमांच्या दस्तऐवजात त्यासाठी एक शेपूट ठेवलंय: पत्त्याच्या शेवटी ‘;यूजर=फोन’. नंबरासारख्या दिसणाऱ्या नावापासून खरा नंबर ओळखता यावा, हाच त्याचा जाहीर हेतू. पण लगेच पुढे पळवाट आहे. हे शेपूट नसलं, तरी समोरच्याच्या स्थानिक नावांचे नियम परवानगी देत असतील तर त्याने पुढचा भाग नंबर समजायला हरकत नाही. म्हणजे शेपूट लावावं, पण सक्ती नाही. नसलं तरी नंबर समजता येतो, पण तसा समजलाच पाहिजे असंही नाही. आपल्याला भेटणाऱ्या तक्रारी या मोकळ्या जागेतून निघतात. प्रत्येक डबा आपापला अंदाज बांधतो, आणि दोन डब्यांचे अंदाज जुळले नाहीत की कॉल मरतो.

आधी लॉग, मग सगळं

काहीही बदलण्याआधी ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर ‘पीजेसिप सेट लॉगर ऑन’ करा (पीजेसिप म्हणजे ॲस्टेरिस्कचा एसआयपी सांभाळणारा भाग). एकदा हाताने नंबर दाबून फोन लावा, एकदा मिस्ड कॉलवरून. दोन्ही ‘इन्व्हाइट’ची, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशांची, फक्त पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवा:

इन्व्हाइट सिप:०९८२२●●●●●●@पीबीएक्स.लोकल
इन्व्हाइट सिप:+९१९८२२●●●●●●@पीबीएक्स.लोकल;यूजर=फोन

माणसाला दोन्ही एकच वाटतात. डायलप्लॅनला, म्हणजे कुठला नंबर कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या सर्व्हरवरच्या नियमांना, नाही. आपल्याकडच्या बहुतेक डायलप्लॅनमध्ये बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी ‘शून्य आणि पुढे दहा आकडे’ असा एकच पॅटर्न असतो. ॲस्टेरिस्कच्या पॅटर्नमध्ये ‘एक्स’ म्हणजे ० ते ९, ‘झेड’ म्हणजे १ ते ९ आणि ‘एन’ म्हणजे २ ते ९. ‘+’ यातल्या कशातच बसत नाही. म्हणून दुसऱ्या ओळीला कुठलाच नियम लागत नाही, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे सांगतो की या नावाचं इथे कुणी नाही. त्याच्या लेखी ते नावच होतं.

‘टू’ हेडर बघून निष्कर्ष काढू नका. फोन कुठे न्यायचा ते पहिल्या ओळीवरून ठरतं. ‘टू’मध्ये जुनंच रूप राहिलेलं असू शकतं.

उत्तराचा आकडाही बोलका असतो. ४०४ म्हणजे असं कुणी सापडलं नाही. ४८४ म्हणजे पत्ता अपुरा. बहुतेकदा एसटीडी कोड किंवा एखादा आकडा गळालेला असतो. आणि ४१६ आला तर पत्ता ‘सिप:’ऐवजी ‘टेल:’ने सुरू झालाय आणि समोरच्याला ती भाषाच येत नाही. ‘टेल:’मध्ये ॲट आणि सर्व्हर नसतो, निव्वळ नंबर असतो, त्यामुळे तिथे नाव की नंबर हा वादच उरत नाही. पण ऑफिसच्या पीबीएक्सकडे तो पत्ता आला की बऱ्याचदा गोंधळ उडतो.

शून्य, ९१ आणि अधिकचं चिन्ह

भारतात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

आंतरराष्ट्रीय पद्धतीचा नंबर, म्हणजे ई.१६४, देशाच्या कोडसह जास्तीत जास्त १५ आकड्यांचा असतो. पुढे ‘+’ असला की तो जगात एकमेव ठरतो. ‘+’ काढला की उरतो तो नुसता आकड्यांचा पुंजका. ट्रंकवाले (पीबीएक्सला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन देणारे) प्रोव्हायडर कॉलरचा नंबर कधी +९१ लावून पाठवतात, कधी नुसता ९१ लावून, कधी ० लावून, कधी उघडे दहा आकडे. मग कुणीतरी घाईत नियम लिहितो: ‘९१ ने सुरू झाला तर पहिले दोन आकडे काप.’ आपल्याकडे ९१ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर भरपूर आहेत. त्यांचे आठच आकडे उरतात. नव्वद टक्के लोकांचं चालतं आणि ठरावीक गिऱ्हाइकांचंच लागत नाही, अशी तक्रार आली तर आधी हा नियम शोधा. ९१ कापायचा तो एकूण लांबी १२ असेल तरच.

उलटी चूक म्हणजे ‘+ नसेल तर + लाव’. दहा आकडी ९८…ला नुसता ‘+’ लावला की तो इराणचा नंबर होतो. ९४… असेल तर श्रीलंका, ९५… असेल तर म्यानमार, ९७७… असेल तर थेट नेपाळ. कॉल लागला नाही तर नशीब समजा.

पण खरी गंमत बाहेरच्या लाइनसाठी ‘०’ दाबायच्या सवयीत आहे. जुन्या ईपीएबीएक्सपासून चालत आलेली ही पद्धत इंटरनेट पीबीएक्सवरही तशीच ठेवतात. एसटीडीचं शून्य वेगळं. म्हणजे बाहेरची लाइन ०, मग पुण्याचा ०२०. सर्व्हरसमोर येतं ००२०… आणि ‘००’ म्हणजे आयएसडी, २० म्हणजे इजिप्त. मुंबईचा ०२२-२… असा नंबर लावला की ००२२२…, म्हणजे मॉरिटानिया. नाशिकचा ०२५३ जिबूतीला जातो आणि कोल्हापूरचा ०२३१ लायबेरियाला. आयएसडी बंद असेल तर प्रोव्हायडर कॉल नाकारतो आणि आपण म्हणतो, नाशिक लागत नाही. चालू असेल तर बिल बघून कळतं. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही शून्य लावावं लागतं, त्यामुळे दुहेरी शून्याचे प्रसंग वाढलेत. बाहेरच्या लाइनसाठी ९ ठेवा, किंवा त्याहून बरं, काहीच ठेवू नका. इंटरनेट पीबीएक्सला सगळे आकडे एकदम मिळतात, त्यामुळे लांबी बघून बाहेरचा नंबर ओळखता येतो. आधी लाइन मागायची गरजच राहत नाही.

बोटाने दाबलेले आकडे आणि नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रोटोकॉलवाल्यांनीही पुढे मान्य केलं. जुलै २००७ च्या आरएफसी ४९६७ ने ‘यूजर=डायलस्ट्रिंग’ असा आणखी एक पर्याय आणला. मी जे दाबलं ते कच्चं पाठवतोय, नंबर काय तो तूच ठरव, असा त्याचा अर्थ. कच्चा माल सर्व्हरकडे जाऊ द्यावा आणि निवाडा तिथेच व्हावा, हे मलाही पटतं. सॉफ्टफोनने, म्हणजे कॉल करायच्या ॲपने, मध्ये शहाणपणा केला की त्रास सुरू होतो. लिनफोन या सॉफ्टफोनमध्ये खात्याला देशाचा कोड लावला की ॲप आधी तपासतं, टाइप केलेलं नंबरासारखं दिसतंय का. दिसलं तर स्वतःच त्याचं रूप बदलतं. ‘+ च्या जागी ००’ असाही पर्याय आहे. सर्व्हरवर नियम नीट लिहिले असतील तर ही दोन्ही सेटिंग बंद ठेवा. नाहीतर एकच नंबर दोनदा सुधारला जातो.

शेपटाचा घोळ

‘यूजर=फोन’ लावल्याने सगळं सुटेल असं वाटतं. कधी सुटतं, कधी नवीनच काही सुरू होतं.

आरएफसी ३२६१ मध्ये दोन पत्ते सारखे आहेत का हे तपासायचे नियम आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की हे शेपूट एकाच पत्त्याला असेल तर ते दोन पत्ते जुळत नाहीत. म्हणजे ‘सिप:१०२@पीबीएक्स.लोकल’ आणि शेपूट लावलेला तोच पत्ता हे नियमाने वेगळे. त्याच दस्तऐवजात रजिस्टर करणाऱ्या सर्व्हरला मात्र सांगितलंय की खातं शोधताना ‘यूजर’सकट सगळी शेपटं काढून टाक. खातं शेपटाविना शोधायचं आणि त्या खात्याखालचे फोनचे पत्ते शेपटासह ताडायचे. याचं दृश्य रूप असं: फोनचं फर्मवेअर अपडेट होतं, नवं फर्मवेअर शेपूट लावायला लागतं आणि एकच हँडसेट यादीत दोनदा दिसतो. जुनी नोंद मुदत संपेपर्यंत तशीच राहते. त्या खात्याला एकच जागा दिली असेल, म्हणजे ‘मॅक्स_कॉन्टॅक्ट्स’ १ असेल, तर नवीन नोंद नाकारली जाऊ शकते. अशा वेळी ‘रिमूव्ह_एक्झिस्टिंग’ चालू करा किंवा जुनी नोंद हाताने काढा. पासवर्डशी याचा काही संबंध नसतो.

बाहेर पाठवताना ॲस्टेरिस्कमध्ये एंडपॉइंटला (फोनच्या किंवा ट्रंकच्या नोंदीला) ‘यूजर_ईक्यू_फोन’ हा पर्याय आहे. तो चालू केला की यूजरचा भाग नंबरासारखा दिसला तर शेपूट लागतं. ‘नंबरासारखा’ची व्याख्या मात्र भाबडी आहे. पुढे हवं तर ‘+’, बाकी डायलपॅडवरची चिन्हं. त्यामुळे १०१ लाही लागेल. हा पर्याय फक्त प्रोव्हायडरच्या ट्रंकवर चालू करा, तोही प्रोव्हायडरने मागितला असेल तरच. आतल्या फोनांवर नको.

दुसऱ्या प्रकारचं शेपूट ॲटच्या आधीच येतं: ‘सिप:१९३०;फोन-कॉन्टेक्स्ट=+९१@…’. तोकडा नंबर कुठल्या मुलखातला ते सांगायची ही पद्धत. डिसेंबर २००४ च्या आरएफसी ३९६६ नुसार ‘टेल:’ पत्त्यात ‘+’ नसलेल्या नंबराला ती लावावीच लागते. पण तुमचा सर्व्हर अर्धविरामासकट सगळा मजकूर यूजरनेम म्हणून वाचतो आणि अर्थात तसं कुणी सापडत नाही. पीजेसिपच्या ग्लोबल भागात ‘इग्नोर_यूआरआय_यूजर_ऑप्शन्स’ चालू केलं की पहिल्या अर्धविरामापासून पुढचं छाटलं जातं. मग मात्र खात्यांच्या नावात अर्धविराम चालणार नाही. तसा तो कोण ठेवतं म्हणा.

न दिसणारी अक्षरं

डोळ्यांना नंबर अगदी बरोबर दिसतो, तरी ४०४. तेव्हा यूजरचा भाग एकेक अक्षर करून वाचा.

‘टेल:’च्या नियमांत आडवी रेघ, टिंब आणि कंस हे फक्त दिसण्यापुरते. तुलना करताना ते धरायचेच नाहीत. मोकळी जागा तर चालतच नाही. पण ‘सिप:’ पत्त्यात ॲटच्या आधीचा भाग अक्षरशः तपासला जातो, त्यामुळे ०२०-२५५५… आणि ०२०२५५५… ही दोन वेगळी माणसं ठरू शकतात. ‘#’ चिन्ह उघडं पाठवायला परवानगी नाही, ते ‘%२३’ होऊन जातं. ‘*’ मात्र तसंच चालतं. म्हणून कॉल फॉरवर्डचे ‘*’वाले कोड लागतात आणि ‘#’ने संपणारे अडकतात. ‘+’ उघडा चालतो. तरीही काही ॲप त्याचं ‘%२बी’ करतात, आणि नियमाने ते दोन पत्ते सारखे धरले जात नाहीत.

आता आपल्या घरचा मुद्दा. व्हॉट्सॲपवर आलेल्या मराठी जाहिरातीतून किंवा एक्सेलच्या यादीतून नंबर कॉपी करून सॉफ्टफोनमध्ये टाकला आणि तो देवनागरी आकड्यांत असला, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्यात एकही आकडा नाही. ‘९’ हा एकच आकडा ‘%ई०%ए५%एएफ’ असा नऊ चिन्हांचा होऊन जातो. दहा आकडी मोबाइल नंबर नव्वद चिन्हांचं यूजरनेम बनतो. काही ॲप आपणहून इंग्रजी आकडे करून घेतात, काही नाही, म्हणून एकाच्या फोनवरून लागतो आणि शेजारच्याच्या फोनवरून लागत नाही. लॉगमध्ये टक्क्यांची रांग दिसली की समजा. काही फोनबुकमधून नंबर कॉपी करताना दिशा ठरवणारी अदृश्य युनिकोड चिन्हंही सोबत येतात. तीही लॉगमध्ये अशीच टक्क्यांच्या चिन्हांच्या रूपात दिसतात.

आकड्यांची नावं

आता मुळावर येऊ. यूजरनेम आकड्यांचं ठेवलंच का? हँडसेटवर अक्षरं दाबायची सोय नव्हती म्हणून, आणि सवय म्हणून. काही ठिकाणी कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबरच खात्याचं नाव करून टाकतात, लक्षात राहायला सोपं म्हणून. मग त्याच्या मोबाइलवर फोन करायचा तर करणार कसा? सर्व्हरला आत त्याच नावाचं खातं सापडतं आणि टेबलावरचा फोन वाजत राहतो. माणूस नोकरी सोडून गेला की आणखी मजा.

टेलिग्रामने हा प्रश्न येऊच दिला नाही. तिथलं यूजरनेम अक्षरानेच सुरू व्हावं लागतं. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये यूजरनेम आणलं, त्यात आधी नाव, मग टिंब, मग किमान दोन आकडे. आपणही खात्याचं नाव अक्षराने सुरू करावं, ‘पी-सुनीता’ किंवा ‘फोन-अकाउंट्स’ असं, आणि लोकांनी दाबायचे तीन-चार आकडे डायलप्लॅनमध्ये त्याला जोडावेत. आकडी खाती आणि सोपे पासवर्ड शोधत इंटरनेटवर चोवीस तास फिरणाऱ्या स्क्रिप्टही यामुळे बऱ्याच प्रमाणात उपाशी राहतात.

एक्स्टेन्शनही १०० पासून सुरू करू नका. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०२ आणि १०८ रुग्णवाहिका, ११२ सगळ्यांसाठी. आग लागल्यावर घाबरलेला माणूस १०१ दाबतो आणि अकाउंट्समधला रिकामा टेबल वाजतो, अशी ऑफिसं आजही आहेत. हे पोस्ट वाचून एवढी एकच गोष्ट बदललीत तरी चालेल. २००१ पासून सुरू करा आणि हे सगळे नंबर सरळ ट्रंकवर सोडा.

पॅटर्नमधल्या टिंबाबद्दलही सावध. ‘अंडरस्कोर एक्स टिंब’ म्हणजे एक आकडा आणि पुढे काहीही, आकडेच असं नाही. ‘२सुनीता’ हेही त्यात बसतं आणि बाहेरच्या ट्रंकवर जातं. लांबी ठरलेली असेल तिथे टिंब वापरू नका.

ॲटच्या नंतरचा भागही तपासा. नावाच्या बाबतीत तो ओळखीचा भाग असतो: एका शाखेतली सुनीता आणि दुसऱ्या शाखेतली सुनीता वेगळ्या. नंबराच्या बाबतीत तो फक्त मार्ग असतो, कारण +९१… कुठल्याही सर्व्हरमार्फत गेला तरी नंबर तोच. ॲस्टेरिस्कचा डायलप्लॅन मुळात ॲटच्या आधीचं बघतो, त्यामुळे दुसऱ्या शाखेच्या ‘१०२@…’ साठी आलेला कॉल तुमच्याच १०२ वर उतरतो. दोन शाखा जोडताना दोन्हीकडे तेच एक्स्टेन्शन असेल तर शाखेनुसार कॉन्टेक्स्ट (डायलप्लॅनमधले स्वतंत्र कप्पे) वेगळे करा.

दुरुस्ती कुठे करायची

प्रत्येक पॅटर्नला ठिगळ लावत बसू नका. आत येणारा प्रत्येक पत्ता, फोनवरून असो वा ट्रंकवरून, एकाच सबरूटीनमधून (डायलप्लॅनमधल्या एका सामायिक तुकड्यातून) जाऊ द्या आणि तिथे क्रम पाळा. आधी अक्षर आहे का ते तपासा. असेल तर ते नाव, त्याला हात लावू नका. अक्षर नसेल तरच ‘फिल्टर’ फंक्शनने आकडे, ‘+’, ‘*’ आणि ‘#’ सोडून बाकी सगळं गाळा. क्रम उलटा केलात तर ‘सुनीता२’चं ‘२’ होईल. टक्क्यांची चिन्हं आणि देवनागरी आकडे या दोन्ही पायऱ्यांच्या आधी उकलून घ्यावे लागतात. त्यानंतर आणीबाणीचे आणि आतले तोकडे नंबर वेगळे काढा. उरलेल्यातून ‘+’ आणि देशाचा कोड असलेलं एकच रूप बनवा. ट्रंकवर सोडताना प्रोव्हायडरला हवं ते रूप शेवटच्या पायरीला द्या.

बाहेरून येणाऱ्या कॉलच्या कॉलर आयडीवरही हीच प्रक्रिया करा. मिस्ड कॉलच्या यादीत जे दिसतं तेच परत दाबलं जाणार असतं, त्यामुळे ते तुमच्या डायलप्लॅनला कळणाऱ्या रूपातच हँडसेटपर्यंत गेलं पाहिजे. सुरुवातीची तक्रार बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच मिटते.

तपासायला स्वतःचाच मोबाइल नंबर घ्या आणि दहा आकडी, शून्य लावून, ९१ लावून, +९१ लावून, ००९१ लावून आणि मध्ये मोकळी जागा टाकून असा लावून बघा. कॉन्टॅक्टमधून एकदा, मिस्ड कॉलवरून एकदा. नंतर ९१ नेच सुरू होणारा एखाद्या ओळखीच्याचा नंबर, मग मुंबईचा लँडलाइन. यातलं काही अडकलं तर सबरूटीनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही रूपं लॉगमध्ये छापून घ्या. ज्याला कुठलाच नियम लागला नाही तो पत्ता ट्रंकवर ढकलू नका. तिथेच ४८४ देऊन थांबवा, म्हणजे पुढच्या वेळी तक्रार आली की कुठली ओळ वाचायची हे लॉगच सांगेल.